खाडीच्या गवताला लागणारा प्रकाश

एकाच बरणीतले बी आम्ही एकाच दिवशी, एकाच मातीत पेरले. उगवलेल्या रोपांपैकी उंचीने सरस अशी चारशे बत्तीस रोपे मी निवडली आणि तळघरात दिव्यांखाली ठेवली. तेथे रोज सकाळी सहा वाजता मोजलेला प्रकाश या गवताच्या गरजेइतका आणि पुढे गरजेच्या दुप्पट भरत असे. नाकारलेली शहाण्णव रोपे माझ्या सासूबाईंनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावली आणि घरातल्या खिडक्यांत ठेवली. एकोणतीस मार्चला तळघरातली सात रोपे जिवंत होती. डब्यांतली एक्क्याण्णव.

हे गवत म्हणजे घरापुढचे लॉन नव्हे. अटलांटिकच्या किनाऱ्यावर, खाडीच्या चिखलात ते वाढते. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी त्याच्या कमरेपर्यंत चढते, दोनदा उतरते. खारे पाणी ते मुळांवाटे निमूटपणे घेते आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. भिंग धरले तर पानावर मिठाचे कण मोजता येतात. वादळात काँक्रीटच्या भिंती कोसळतात, तेथे हे गवत चिखल धरून उभे राहते. मी विशेषणे जपून वापरणारा मनुष्य आहे, पण या गवताला 'थोर' म्हणण्यास माझी हरकत नाही. अशा या थोर गवताची मागणी एकच: प्रकाश. उघड्यावर रोज किमान सहा तास थेट ऊन, दिव्यांखाली चौदा तास. सावलीशी त्याची तडजोड नाही.

आमचे घर न्यू जर्सीत, आयसेलिनपासून दहा मिनिटांवर. खाडीपासून ते बरेच दूर आहे. गवत घरात आले ते माझी मुलगी इला हिच्यामुळे. ती शाळेच्या शेवटच्या वर्षात असून तेथल्या पर्यावरण मंडळाची प्रमुख आहे. किनाऱ्यावरच्या एका गावातली खाडीकाठ समिती दर हिवाळ्यात शाळांना बी देते. शाळांनी रोपे वाढवायची आणि मे महिन्यात नेमून दिलेल्या काठावर लावायची. इलाच्या मंडळाच्या वाट्याला चाळीस फूट काठ आला होता आणि त्यासाठी साठ ठोंब हवे होते. गेल्या वर्षी शाळेच्या काचघरातला हीटर बंद पडून त्यांची सगळी रोपे गोठली. सलग दोन वर्षे अपयश आले, तर काठ त्या शाळेकडून काढून घेतात. जूनमध्ये इला शाळा सोडणार होती. आपण मंडळाचा काठ घालवून गेलो असे व्हायला नको, हे ती बोलून दाखवत नव्हती. पण आठवड्यातून एकदा बरणीतले पाणी बदलताना तिचा चेहरा मी पाहत असे.

बरणी फ्रीजमध्ये होती. या गवताचे बी वाळले की मरते. ते तीन महिने थंड, खारट पाण्यात ठेवावे लागते. नोव्हेंबरात साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी दोन आठवडे काही विचारले नाही. मग एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "श्रीरामराव, हे तांदूळ किती दिवस भिजत घालायचे आहेत?"

"फेब्रुवारीपर्यंत, आई."

"मग ठीक. मला वाटलं विसरलात."

फेब्रुवारीत मी प्रकल्प ताब्यात घेतला. 'ताब्यात घेतला' हा शब्दप्रयोग इलाचा आहे. माझ्या मते मी मार्गदर्शन केले.

"बाबा, please. It's my project. डायनिंग रूममध्ये खिडकीत ठेवू ना ट्रे."

"खिडकीतलं ऊन मोजता येत नाही," मी म्हणालो. "आज आहे, उद्या ढग आहेत. ज्याचं माप घेता येत नाही त्यावर तुझा काठ सोपवायचा का?"

मी एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे. गोळीला तडा गेला, तर तो का गेला याचे मूळ कारण शोधून कागदावर मांडणे हे माझे काम. 'मानवी चूक' हे कारण मी गेल्या नऊ वर्षांत एकदाही मंजूर केलेले नाही. काय केले, कधी केले आणि किती वेळा केले, ते लिहा, असा शेरा मारून मी अहवाल परत पाठवतो. अशा वडिलांची मुलगी वाद कुठवर घालणार? ट्रे तळघरात गेले.

तळघरात भिंतीवर प्लगची एकच जागा होती आणि ती पाणी उपसण्याच्या पंपाने अडवली होती. तेव्हा शेजारचे राजेश मदतीला आले. राजेश मूळचे नागपूरचे, बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात आणि विजेच्या कामाची त्यांना हौस आहे.

"टेन्शन नको घेऊस यार," वर पाहत ते म्हणाले. "हा छताचा बल्ब काढतो, होल्डरमध्ये प्लगचा जोड बसवतो, त्यात तुझा टायमर, टायमरमध्ये दिवे. वरच्या जिन्याचं बटण आहे ना, सगळं त्याच्यावर. दहा मिनिटांचं काम."

काम दोन तासांचे झाले. त्यापैकी चाळीस मिनिटे सगळे घर अंधारात होते आणि एका व्हिडिओ मीटिंगच्या मध्यावर माझी पत्नी सुनेत्रा तिच्या वरिष्ठांसमोरून अदृश्य झाली. पण दिवे लागले. जांभळट, प्रखर, शास्त्रीय दिवे. सोळा फेब्रुवारीला पेरणी झाली. तळघराच्या दारावर मी पाटी लावली: 'प्रयोग सुरू आहे. आत जाऊ नये.' मराठीत आणि इंग्रजीत.

माझी पद्धत साधी होती. टायमर सकाळी सहाला दिवे लावणार, रात्री आठला बंद करणार. मोजमाप रोज एकाच वेळी व्हावे म्हणून मी बरोबर सहाला खाली जाई, प्रकाशमापक बारा ट्रेंवर बारा ठिकाणी धरी, आकडे वहीत लिही आणि वर येई. आठ मिनिटे लागत. रविवारी पाणी बदलायचे असे, म्हणून पंधरा. आकडे इतके एकसारखे येत की एकदा मी ती वही कार्यालयात नेऊन कनिष्ठ सहकाऱ्यांना दाखवली.

त्रास एकट्या टायमरने दिला. तो जुन्या पद्धतीचा, गोल तबकडीचा होता आणि रोज आठ मिनिटे पुढे जाई. सोमवारी सहाला लावला की मंगळवारी सकाळी सहाला तो सहा वाजून आठ मिनिटे दाखवी, बुधवारी सहा-सोळा. मी बदलून दुसरा आणला. तोही आठच मिनिटे पुढे. तिसराही. शिवाय रविवार ते सोमवार या दिवसात तिन्ही टायमर आठऐवजी पंधरा मिनिटे पुढे गेले. असा टायमर विजेच्या वारंवारितेवर चालतो आणि रविवारी कारखाने बंद असतात. तेव्हा वारंवारितेत फरक पडत असावा, असा तर्क मी केला आणि आलेखही काढला. आलेख सुंदर होता. तो मी टायमरच्या कंपनीला सविस्तर पत्रासोबत पाठवला. त्यांचे उत्तर एका ओळीचे आले: 'टायमरला वीज दिवसभर सलग मिळते आहे का, याची कृपया खात्री करावी.'

पंचवीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला 'प्लग लावला आहे का' असे विचारणे, याला काय म्हणावे? मी तीन परिच्छेदांचे उत्तर लिहिले. त्यातला दुसरा परिच्छेद सुनेत्राने काढायला लावला.

दोन आठवड्यांत रोपे अकरा सेंटिमीटर उंच झाली. समितीच्या माहितीपत्रकात त्या वयाला पाच सेंटिमीटर दिले होते. दोन मार्चला विरळणी केली. उंच रोपे ठेवली. खुजी, चार-पाच सेंटिमीटरची शहाण्णव रोपे एका वर्तमानपत्रावर काढून कचऱ्याच्या पेटीकडे निघालो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"ही कुठे निघाली?"

"टाकायला. यांची वाढ कमी आहे."

"मेलेली आहेत का?"

"नाही."

"मग टाकता कशाला? द्या इकडे."

दह्याच्या डब्यांविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. ओक ट्री रोडवरच्या दुकानांत दही पाच पौंडांच्या डब्यात मिळते आणि तो डबा टाकून देणारे मराठी घर माझ्या पाहण्यात नाही. डबे धुऊन, एकात एक घालून, कपाटाच्या तळाशी ठेवले जातात. कशासाठी, हे विचारायचे नसते. सासूबाईंनी चार फोन केले. संध्याकाळपर्यंत दारात चोवीस डबे जमा झाले, आणि देणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या चेहऱ्यावर अखेर आपले खरे ठरल्याचे समाधान होते. सासूबाईंनी विळीच्या टोकाने तळाला भोके पाडली, प्रत्येकात चार रोपे लावली आणि माझ्या चारशे बत्तीस निवडक रोपांकडे ढुंकूनही न पाहता आपला कारभार सुरू केला.

मार्चच्या पहिल्या आठवड्याअखेर माझ्या रोपांचा रंग उतरू लागला.

"पिवळी दिसतात यार," राजेश म्हणाले. मी त्यांना मोजमापाच्या वेळी, पहाटे सहालाच बोलावले होते. ते ब्लँकेट पांघरून आले होते. "एप्सम सॉल्ट टाक. नाहीतर ताक. आमच्याकडे कढीपत्त्याला ताक टाकतात."

"हे समुद्रातलं गवत आहे. याला ताक?"

"मग लाइट कमी पडत असेल."

हा मुद्दा शास्त्रीय होता. मी दिव्यांचा दुसरा संच आणून त्याच टायमरला जोडला. मापकावरचा आकडा तीनशेवरून सहाशेवर गेला. रोपे आणखी पिवळी झाली. मी भिंतींना चकचकीत फॉइल लावली, आणि बाहेरचा अनियंत्रित प्रकाश प्रयोगात मिसळू नये म्हणून तळघराच्या झरोक्यालाही लावली. आकडा सहाशे चाळीस झाला. रोपे वाकू लागली. मग पंखा आणला, कारण समुद्रावर वारा असतो. पंख्याने आठ रोपे जागीच आडवी केली, म्हणून तो परत केला. जिवंत गवतासाठी कोणी याहून अधिक केले असेल तर ते माझ्या वाचनात नाही.

याच सुमारास समोरच्या घरातले मिस्टर पावलिक मला पत्रपेटीपाशी भेटले. निवृत्त बसचालक, जुन्या वळणाचे सद्गृहस्थ. थोडे घुटमळत ते म्हणाले, "तुम्ही रोज सकाळी सहाला जे करता, त्याबद्दल मला फार आदर आहे."

"काय करतो?"

"तो जांभळा उजेड. खालच्या छोट्या खिडकीत दिसायचा. सात-आठ मिनिटं, मग पुन्हा शांत. माझी आईसुद्धा रोज पहाटे मेणबत्ती लावायची. आता तुम्ही खिडकी झाकलीत. माझ्या बघण्याचा त्रास होत असेल, तर माफ करा."

मी देवपूजा करत नाही, कधीच केलेली नाही, आणि तो उजेड शुद्ध वनस्पतिशास्त्रीय आहे, हे मी त्यांना आठ-दहा वाक्यांत समजावले. ते मान हलवत राहिले. दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का लागू नये याची काळजी घेणारा मनुष्य जशी मान हलवतो, तशी. मला फार वाईट वाटले. अमेरिकेत येऊन, दोन पदव्या घेऊन, शेवटी मनुष्य शेजाऱ्याच्या नजरेत पहाटे जांभळी आरती करणारा ठरतो.

वर मात्र निराळेच चालले होते. सासूबाईंचे डबे एका जागी राहत नसत. सकाळी जेवणघराच्या पूर्वेच्या खिडकीत, दहाच्या सुमारास जिन्याच्या वळणावर, बारानंतर न्हाणीघराच्या कट्ट्यावर, दुपारी इलाच्या खोलीत, चारनंतर पुन्हा स्वयंपाकघरात. एकेका फेरीत चार-चार डबे, भाजीच्या ट्रेमध्ये घालून.

"आजी, तू alarm लावतेस का?" इलाने विचारले.

"अलार्म कशाला? ऊन सरकतं ते दिसत नाही का? चाळीस वर्षं गच्चीवर कुरडया वाळवल्या. सावली आली की ताट हलवायचं. कुरडई तशी, हे तसं."

"याला घाम येतो गं," एकदा त्या कौतुकाने म्हणाल्या. समितीच्या सूचनेप्रमाणे त्या आठवड्यातून एकदा मिठाचे पाणी घालत, आणि आता पानांवर बारीक पांढरे कण आले होते. "प्यायचं तेवढं पितं, मीठ तेवढं बाहेर. शहाणं आहे."

मी स्वभावाने संशयी आहे. एका शनिवारी मी मापक घेऊन त्यांच्या डब्यांमागे दिवसभर फिरलो. न्यू जर्सीतला मार्च, बोडकी झाडे, उत्तराभिमुख घर. निकाल असा: डब्यांना सात तास चाळीस मिनिटे थेट ऊन मिळाले. न्हाणीघराच्या कट्ट्यावर साडेबाराला आकडा नऊशे. या घरात असा प्रकाश येतो हे घर विकणाऱ्या दलालाला ठाऊक नव्हते, आणि आठ वर्षे येथे राहून मलाही नव्हते. सासूबाईंनी ते चार महिन्यांत, एकही उपकरण न वापरता, मिनिटांच्या हिशेबाने ओळखले होते. मी आकडे त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं यंत्र."

एकोणतीस मार्चला समितीच्या डोना तपासणीला आल्या. रापलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बोलणे मोजके. मी त्यांना तळघरात नेले. चारशे पंचवीस मेलेली रोपे, सात जिवंत. नंतर त्या वर आल्या, डब्यांपाशी वाकल्या, एक पान दोन बोटांत धरले, त्यावरचे मीठ पाहिले आणि सासूबाईंचा हात हातात घेतला. दोघींना समान भाषा नव्हती. त्यांचे पाच मिनिटे व्यवस्थित बोलणे झाले.

"एक्क्याण्णव," डोना इलाला म्हणाल्या. "तुला साठ पुरतात. पण एक अडचण आहे." त्यांनी एक फॉर्म काढला. घरातली निम्म्याहून अधिक रोपे मेली असतील, तर मृत्यूचे कारण लेखी द्यावे लागते. कारण नसेल तर बुरशी किंवा रोग गृहीत धरतात, आणि त्या घरातले एकही रोप खाडीवर जाऊ देत नाहीत. अगदी धडधाकट असले तरी. "शुक्रवार, संध्याकाळी पाच. मी नियम बनवत नाही, पण त्या खाडीत बुरशी नेली तर मलाच झोप येणार नाही."

त्या गेल्यावर इला माझ्याशी चिडून बोलली असती तर बरे झाले असते. ती डब्यांकडे पाहत एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही कारणं शोधता ना? ऑफिसमध्ये. मग हे शोधा."

चार दिवस मी शोधले. मुळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली: बुरशी नाही. पाणी तपासले: निर्दोष. माती तीच, जी डब्यांत होती. बुधवारी सात जिवंत रोपांच्या जागा कागदावर मांडल्या, तेव्हा ती सातही झरोक्याखालच्या एकाच कोपऱ्यात होती, आणि त्या कोपऱ्यावरची फॉइल सुटून हातभर ऊन आत येत होते. म्हणजे प्रश्न प्रकाशाचाच होता. पण प्रकाश तर रोज सकाळी सहाशे चाळीस भरत होता. तेव्हा निष्कर्ष एकच: सहानंतर केव्हातरी कोणीतरी दिवे बंद करत होते. मी आणि सुनेत्रा दिवसभर कामावर, इला शाळेत. घरी असणारी व्यक्ती एकच, आणि रिकाम्या खोलीत जळणारा दिवा त्या व्यक्तीला सहन होत नाही, हे आम्ही सगळे जाणून होतो.

मी आरोप केला नाही. पुराव्याशिवाय बोलणे माझ्या पेशात बसत नाही. गुरुवारी पहाटे मी जुना फोन लोणच्याच्या बरण्यांमागे, तळघराच्या दाराकडे आणि जिन्याच्या बटणाकडे तोंड करून ठेवला आणि चित्रण सुरू केले.

संध्याकाळी चहाच्या वेळी तो सुनेत्राच्या हाती लागला.

"हा इथे कशाला?" मग तिच्या लक्षात आले. "श्रीराम, तू आईवर कॅमेरा लावलास?"

"दारावर. आई त्यात आल्या, तर तो योगायोग."

"लाज वाटत नाही?"

"लावू दे गं," सासूबाई चहा गाळत म्हणाल्या. "मी काय पाटल्या चोरते आहे? लाव बघू. दिवसभर मी दिसते कशी, ते तरी कळेल."

आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो. पाच वाजून एकोणसाठ मिनिटांनी पडद्यावर मी आलो. करडा स्वेटर, हातात वही. दार उघडले, जिन्याचे बटण दाबले, खाली गेलो. सहा-आठला वर आलो. वहीत काहीतरी लिहीत होतो. दार कोपराने लोटले. आणि माझा डावा हात, माझे लक्ष वहीतच असताना, भिंतीकडे गेला, बटण दाबले आणि परत येऊन त्याने चष्मा सारखा केला. दाराखालची जांभळी रेघ गेली.

पुढचे अकरा तास इलाने वेगाने पळवले. दार बंद. सासूबाई डबे घेऊन डावीकडून उजवीकडे गेल्या, उजवीकडून डावीकडे आल्या, दर दीड तासाने, ट्रेमागून ट्रे. दिवसभरात त्यांनी त्या बटणाकडे एकदाही पाहिले नाही.

"Go back," इला म्हणाली. आम्ही तो भाग तीनदा पाहिला. "बाबा. That's your hand."

"स्वेटर माझा आहे, एवढं निश्चित म्हणता येईल," मी म्हणालो.

"रोज?" सुनेत्राने विचारले.

मला आठवेना. श्वास घेतल्याचे आठवते का? पण मग टायमर आठवला. वीज असतानाच जी तबकडी फिरते ती रोज आठ मिनिटेच फिरत होती, आणि बाकीचा दिवस थांबून दुसऱ्या सकाळी मला आठ मिनिटे पुढे दिसत होती. रविवारी पंधरा, कारण रविवारी मी पंधरा मिनिटे खाली असे. न्यू जर्सीतल्या कारखान्यांचा त्यात काही संबंध नव्हता. आलेख तेवढा अचूक होता.

"मी दोनदा दार उघडून पाहिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "काळोख होता."

"मग सांगितलं का नाहीस, आई?"

"दारावर पाटी. त्यात जावयाच्या कामात सासूने नाक खुपसू नये. मला वाटलं, तेच शास्त्र असेल. मटकीला मोड आणताना नाही का आपण झाकून ठेवत? तसेच लांब, पांढरे आले होते की." त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "आणि दिवा बंद केला यात वाईट काय? मी कऱ्हाडला बहिणीला फोनवर सांगितलं होतं, आमचे जावई खोलीतून निघाले की दिवा घालवतात. अमेरिकेत राहून."

मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, चहा निवतो आहे.

उरला फॉर्म. त्यावर तयार कारणांची यादी होती: बुरशी, कीड, गोठण, पूर, इतर. शुक्रवारी दुपारी मी 'इतर' निवडले आणि लिहिले, 'प्रकाशयोजनेच्या कार्यपद्धतीत उद्भवलेली तफावत'. वाक्य चांगले होते. त्यात कोणीच नव्हते. दहा मिनिटांत डोनांचा फोन आला.

"हे वाचून मला काही कळलं नाही. रोग आहे का?"

"नाही."

"मग त्यांना काय झालं? माझ्या वरच्या बाईंना कळेल असं लिहा. साडेचार वाजलेत."

इला शाळेतून येऊन दप्तर न काढता माझ्या खुर्चीमागे उभी होती. मी आधीचे वाक्य खोडले, नवीन लिहिले, खाली सही केली आणि पाठवले. पाच वाजायला नऊ मिनिटे असताना डब्यांतल्या सर्व रोपांना परवानगी आली. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, ओहोटीच्या वेळी, इलाच्या मंडळाने चाळीस फूट काठावर साठ ठोंब लावले. पहिला ठोंब सासूबाईंनी, पदर खोचून, चिखलात उतरून लावला. उरलेले एकतीस डोनांनी शेजारच्या काठासाठी मागून नेले.

समितीने स्वीकारलेला मजकूर, मराठीत, असा आहे:

'रोपांचे दिवे तळघराच्या जिन्याच्या बटणावर चालतात. सतरा फेब्रुवारीपासून रोज सकाळी सहा वाजता मी ते बटण चालू केले, प्रकाश मोजला आणि सुमारे आठ मिनिटांनी बाहेर पडताना तेच बटण बंद केले. रोपांना दिवसाला चौदा तासांऐवजी आठ मिनिटे प्रकाश मिळाला. ती अंधारामुळे मेली.'